पाचशे रुपयांचं पीएच पेन: पाण्यासाठी घ्या, जमिनीत खुपसू नका

ऑनलाइन पाचशेच्या आत मिळणारं ते पिवळं पीएच पेन आमच्या यावल-रावेर पट्ट्यात आता बऱ्याच केळीवाल्यांच्या पंपाच्या खोलीत लटकलेलं दिसतं. खाली काचेचा इवलासा फुगा, वर आकडे दाखवणारी खिडकी, सोबत पावडरीच्या दोन-तीन पुड्या आणि पेचकस म्हणावं की दातकोरणं असा प्रश्न पडावा इतका बारका पेचकस. याच्याबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचलं तर मतं दोनच, "एक नंबर माल" नाहीतर "पैसे पाण्यात". पैसे पाण्यात म्हणणाऱ्यांच्या तक्रारी मी नीट वाचल्या. बहुतेकांचं पेन धड होतं. ते मोजतं काय, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

माझी नोकरी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची. ब्युरेट धुणं, इंडिकेटर बनवणं आणि पोरांनी फोडलेल्या काचेचा हिशोब ठेवणं यात हयात गेली. आता निवृत्त होऊन पुतण्याबरोबर केळी करतो. त्यामुळे पेनाबद्दल लिहायला बसलो की आधी त्या दोन अक्षरांबद्दल लिहावंसं वाटतं. ज्यांना घाई आहे त्यांनी थेट बादलीच्या भागावर जावं.

पेनाबरोबर घडी घातलेलं एक माहितीपत्रक येतं. त्यात पहिल्याच ओळीत ठोकून दिलंय: पीएच म्हणजे 'पॉवर ऑफ हायड्रोजन'. सगळा घोळ इथून सुरू होतो. शेजारच्या मळ्यातल्या भावानं त्याच्या बोअरचं पाणी मोजलं, ८.१ आलं. आमचं ७.८. लगेच म्हणाला, "काय भो, आमच्या पाण्यात पावर जास्त शे का नाही?" विजेच्या मीटरची सवय, आकडा मोठा म्हणजे जोर मोठा. इथे बरोब्बर उलटं आहे. आकडा वर गेला की हायड्रोजनचे आयन, म्हणजे पाण्याला आंबटपणा आणणारे विद्युतभारित कण, कमी होतात, आणि तेही दर एका आकड्याला दहा पटींनी. ८.१ आणि ७.८ यांत फरक फक्त ०.३ चा, पण त्याच्या पाण्यात हायड्रोजन आयन आमच्यापेक्षा निम्मेच. त्याला हे सांगितल्यावर त्यानं पेनाकडे असं पाहिलं की जणू पेनानं त्याचा अपमान केला.

ही उलटी मोजपट्टी आली कुठून? १९०९ साली, कोपनहेगनहून, आणि तीही बिअरच्या कारखान्यातून. कार्ल्सबर्ग कंपनीच्या मालकानं, जेकबसेन त्याचं नाव, १८७५ मध्ये कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली होती. तिथे निघालेलं कुठलंही शास्त्रीय फळ गुपित ठेवायचं नाही असा तिचा नियम होता, जो आजच्या खत कंपन्यांना वाचून दाखवण्यासारखा आहे. तिथल्या रसायन विभागाचे प्रमुख एस. पी. एल. सोरेनसन विकरांवर म्हणजे एन्झाइमांवर काम करत होते. विकराचं काम किती वेगानं चालतं हे त्या द्रावणात हायड्रोजनचे आयन किती आहेत यावर फार अवलंबून असतं, हे त्यांना दिसत होतं. अडचण होती लिहिण्याची. शुद्ध पाण्यात हे आयन लिटरला ०.००००००१ मोल इतके कमी. असले आकडे पानापानावर लिहायचे, त्यांचे आलेख काढायचे, म्हणजे शून्यं मोजण्यातच दिवस जायचा.

सोरेनसननी सरळ हिशोब केला. ०.००००००१ म्हणजे दहाचा उणे सातवा घात. दहा तर कायमच आहे, तो सोडा. उणेही कायमच आहे, तेही सोडा. उरला सात, तेवढाच लिहा. त्या आकड्याला त्यांनी जे नाव दिलं त्याचा शब्दशः मराठी अर्थ 'हायड्रोजन आयनांचा घातांक'. आठवीच्या गणितातला घातांक. म्हणजे माहितीपत्रकातली 'पॉवर' घ्यायचीच असेल तर ती या अर्थानं घ्यावी, ताकद या अर्थानं नाही. उणे चिन्ह गाळल्यामुळेच मोजपट्टी उलटी झाली. आयन जास्त तर आकडा लहान.

आता गंमत अशी की मूळ लेखात त्यांनी 'पी' हे अक्षर कशाचं हे कुठेच सांगितलेलं नाही. कार्ल्सबर्गचे लेख जर्मन, फ्रेंच, डॅनिश अशा भाषांत निघत. मग जर्मन जाणणाऱ्यांनी 'पोटेन्झ' म्हटलं, फ्रेंच जाणणाऱ्यांनी 'प्युइसान्स', इंग्रजीवाल्यांनी 'पॉवर', आणि कोणी तर लॅटिन 'पोंडस हायड्रोजेनी' शोधून काढलं. आमच्या कॉलेजातही एक सर एक सांगायचे, दुसरे दुसरं, आणि पोरं परीक्षेत दोन्ही लिहून मोकळी व्हायची. २००० साली येन्स नॉर्बी या डॅनिश अभ्यासकानं मूळ लेख बारकाईनं वाचून दाखवून दिलं की सोरेनसननी विजेच्या मापनात समोरासमोर ठेवलेल्या दोन द्रावणांना पी आणि क्यू ही लागोपाठची अक्षरं दिली होती. मोजायच्या द्रावणाच्या वाट्याला पी आला, आणि तोच पुढे चिकटला. समीकरणात घेतलेलं नुसतं अक्षर! मला तरी हेच पटतं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत एका अक्षराचा इतका शब्दविस्तार होतो आणि ज्यानं ते वापरलं त्यानं त्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं, हे शास्त्रातही चालतं म्हणायचं.

सुरुवातीला त्यातला 'एच' खाली बारीक अक्षरात लिहायचे. १९२० मध्ये क्लार्क या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं छापायला सोपं म्हणून दोन्ही अक्षरं एका ओळीत घेतली. पुढे १९२४ मध्ये सोरेनसन आणि त्यांचे सहकारी लिंडरस्ट्रॉम-लांग यांनी व्याख्याही सुधारली. आयन किती आहेत यापेक्षा त्यांतले प्रत्यक्ष किती क्रियाशील आहेत हे धरायला लागले, कारण क्षारांच्या गर्दीत आयन मोकळेपणानं वागत नाहीत. खत विरघळवलेल्या टाकीत पेनाचा आकडा कागदावरच्या हिशोबाशी जुळत नाही त्यामागे हेही एक कारण असतं.

सोरेनसनच्या आधी त्याच खुर्चीवर केल्डाल होते, नत्र मोजण्याची १८८३ सालची पद्धत ज्यांच्या नावानं चालते तेच. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत केल्डालच्या नावाचं ऊर्ध्वपातनाचं यंत्र आजही दिसतं. म्हणजे मुक्ताईच्या वारीला जाणाऱ्या आमच्या माळकरी शेतकऱ्याच्या माती अहवालात नत्र आणि सामू या दोन ओळी बिअरच्या पैशातून आलेल्या आहेत. हे मी गावात फारसं बोलत नाही.

सामू म्हणजे पीएचच, हेही सांगून टाकतो. अहवालात सामू छापतात, पेनावर इंग्रजी अक्षरं असतात, आणि कृषी केंद्रावर "सामू वेगळा, पीएच वेगळा" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी स्वतः ऐकलाय.

पेनाकडे येऊ. खालचा काचेचा फुगा हाच सगळा जीव. बारीक पातळ काचेच्या आत एक ठरलेलं द्रावण असतं, बाहेर आपलं पाणी. दोन्हीकडच्या हायड्रोजन आयनांत जितका फरक, तितका विजेचा दाब तयार होतो. २५ अंशाला दर एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. काचेतून वीज जवळजवळ जातच नाही, त्यामुळे हा इशारा इतका क्षीण असतो की साध्या मीटरचा काटा हलत नाही. त्यावर तोडगा निघाला १९३४ मध्ये, कॅलिफोर्नियात. तिथल्या फळबागायतदारांच्या सहकारी संघातल्या रसायनतज्ज्ञाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रसात सल्फर डायऑक्साइड घातलेला असल्यानं लिटमसचा रंगच उडून जायचा. त्यानं अर्नोल्ड बेकमन या कॉलेजच्या ओळखीच्या प्राध्यापकाला गाठलं. बेकमननं रेडिओत असतात तशा व्हॅक्यूम ट्यूब लावून तो क्षीण इशारा वाढवला आणि सगळं एका पेटीत बसवलं. 'अ‍ॅसिडीमीटर' नावानं ती पेटी १९५ डॉलरला विकली जायची. म्हणून कोणी म्हणालं की ही लॅबवाल्यांची थेरं आहेत, शेतकऱ्याला काय करायची, तर त्याला सांगा की हे यंत्र बागायतदारांच्या गरजेतूनच जन्माला आलंय.

आमचं पेन आलं तेव्हा टोपीत एक थेंब ओलावा नव्हता. फुगा ठणठणीत कोरडा. कुठल्याही पाण्यात बुडवा, आकडा सरकत राहायचा. विक्रेत्याला कळवलं तर "बदलून मिळणार नाही, वापर झालेला आहे" असं उत्तर. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवल्यावर फुगा शुद्धीवर आला. १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात २२ ग्रॅम, आणि हेच द्रावण कायम टोपीत दोन-चार थेंब ठेवायचं. रसायन म्हणून हे केळीला देतो तेच म्युरेट ऑफ पोटॅश, पण गोणीतलं लाल पोटॅश यात घालू नका, त्यात लोहाची घाण असते. आणि फुगा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात साठवून ठेवणं हा तो मारण्याचा हमखास उपाय, जो माहितीपत्रकात 'स्वच्छ पाण्यात ठेवा' म्हणून लिहिलेला आहे.

मापाला आणणं सोपं आहे. पुडी २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची, पेन बुडवायचं, स्क्रू फिरवून खिडकीत पुडीवरचा आकडा आणायचा. ६.८६ ला लावलं की ४.०१ च्या द्रावणात आमचं ४.१ दाखवतं. या किमतीत एवढं पुष्कळ झालं. दशांशानंतरचा दुसरा आकडा शोभेचा आहे, त्याच्यावर जीव टाकू नका.

पण आपल्याकडे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ऊन. पुडीवरचे आकडे २५ अंशाचे असतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४ ला टेकतो तेव्हा शेडमधलं द्रावण २५ अंशाला कुठून राहणार? टाकणखाराची म्हणजे बोरॅक्सची जी ९.१८ ची पुडी असते, तिचं द्रावण ४० अंशाला ९.०७ असतं. बाकीच्या दोन पुड्या फारशा हलत नाहीत. पेनावर 'तापमान आपोआप जुळवते' असं लिहिलेलं असलं तरी ते काचेच्या मिलिव्होल्टपुरतं, पुडीचा आकडा ते बदलत नाही. इतकंच काय, उदासीन पाण्याचा तो प्रसिद्ध सात हाही २५ अंशाचाच. ४० अंशाला उदासीन पाणी साधारण ६.८ ला असतं, आणि तरी ते आंबट झालेलं नसतं. पहाटे, घरात, माठाजवळच्या गारव्यात हे काम उरकावं.

'डिस्टिल्ड पाण्यातसुद्धा सात दाखवत नाही, पेन खोटं' ही तक्रार तर ठरलेली. उघड्या भांड्यातलं डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि ५.६ च्या आसपास जाऊन बसतं. शिवाय त्यात आयन इतके कमी की आकडा लवकर स्थिरच होत नाही. त्या पाण्यानं पेन तपासू नये, पेन धुवावं.

आता बादली. मला या पेनाचा खरा उपयोग इथेच वाटतो. आमच्याकडे ड्रिपरच्या तोंडाला पांढरा थर धरतो, मग लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, आम्लानं धुवाव्या लागतात. शेवटच्या ड्रिपरमधून येणाऱ्या पाण्याचा सामू चारपर्यंत उतरला पाहिजे. आम्ल किती लागेल? लोक पाण्याचा सामू बघून अंदाज करतात, आणि तिथेच फसतात. आमच्या शेतात बोअर आहे आणि एक जुनी विहीर आहे. दोन्हींचं पाणी पेनावर ७.८. पुतण्यानं हातमोजे घालून दोन बादल्यांत सारखं पाणी घेतलं आणि पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल सिरिंजनं थोडं थोडं सोडत गेला. विहिरीची बादली चारला आली तरी बोअरची सहाच्या वरच रेंगाळत होती, आणि शेवटी जवळपास दुप्पट आम्ल पिऊन खाली आली. "नाना, दोघांचा आकडा तर एकच होता," तो म्हणाला.

एकच होता, कारण पीएच तीव्रता सांगतो, साठा सांगत नाही. चहाचा कप आणि आंघोळीचा हंडा दोन्ही सारखेच गरम असू शकतात, थंड करायला लागणारं पाणी सारखं नसतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, ते आलेलं आम्ल गिळत राहतं. ते संपलं की आकडा एकदम धाडकन खाली येतो, त्या क्षणी हात आवरावा लागतो. आमची पोरं कॉलेजात मिथिल ऑरेंज टाकून हेच करायची, पिवळ्याचं नारिंगी होईपर्यंत. म्हणून आधी बादलीवर आम्ल मोजा, मग टाकीचा हिशोब करा. आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नाही. एवढ्या एका कामासाठी हे पेन मी कोणालाही घ्यायला सांगेन.

जमिनीच्या बाबतीत मात्र चित्र वेगळं आहे. जाहिरातीत एक हसरा माणूस पेन थेट ओल्या मातीत खुपसतो. असं केलं तर फुगा ओरखडतो, आणि येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो. २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी, अर्धा तास मधूनमधून ढवळायचं, मग वरच्या गढूळ पाण्यात पेन. आमच्या मातीचा लॅबचा अहवाल ८.२, पेनानं ८.३ दाखवला. वाईट नाही.

पण तो आकडा कळून करणार काय? आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि ती सामूला आठच्या थोडं वर धरून ठेवते. अहवालात ५ टक्के चुनखडी असेल तर एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फुटाच्या थरात, म्हणजे साधारण ९०० टन मातीत, ४५ टन चुना झाला. तो संपवायला गंधकाम्ल लागेल सुमारे ४४ टन. आणि बाजारात 'सामू सातवर आणा' म्हणून एकरी एक लिटरची बाटली मिळते! बाटलीत अगदी तीव्र गंधकाम्ल भरलेलं असलं तरी ते दोन किलोसुद्धा चुना खाणार नाही. पेनाच्या आकड्यानं घाबरून ही बाटली घेणारे आहेत, म्हणून हा हिशोब लिहिला. त्यापेक्षा पानांवर केवडा आला असेल, म्हणजे लोहाअभावी पानं पिवळी पडली असतील, तर लोह कुठल्या रूपात देताय ते बघा. चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारं संयुग. ईडीटीए चिलेट साडेसहाच्या पुढे लोह सोडून द्यायला लागतं, ईडीडीएचए आपल्या जमिनीतही धरून ठेवतं. महाग आहे, पण तिथे सामूचा आकडा खरंच कामाला येतो. सामू साडेआठच्या वर गेला तर मात्र सोडियमची शंका घ्यावी आणि अहवाल घेऊन केळी संशोधन केंद्र गाठावं, पेनाशी बोलत बसू नये.

दुसरं एक पेन आम्ही नंतर घेतलं, तीन हजारांच्या आतलं, फुगा बदलता येणारं आणि दोन द्रावणांवर मापाला येणारं. वर्ष-दोन वर्षांत काच म्हातारी होते तेव्हा अख्खं पेन फेकावं लागत नाही. रोज फर्टिगेशन करणाऱ्यानं, म्हणजे ठिबकातून खत देणाऱ्यानं, हेच घ्यावं. आणि ज्याला वर्षातून एकदाच लॅटरल धुवायच्या आहेत त्यानं यातलं काहीच घेऊ नये. चार आला की नाही एवढं बघायला पीएच पेपरची पुस्तिका पुरते, ती कोरडी ठेवली की झालं, मापाला आणायची भानगड नाही. शाळा-कॉलेजांना काचसामान पुरवणाऱ्या जळगावच्या दुकानांत मिळते. एक ते चौदा आकड्यांचा रंगपट्टा छापलेली मागा, दुकानदार नुसता लाल-निळा लिटमस काढून देऊ लागला तर परत करा.